परमँगनेट टायट्रेशन: कोनिकल चॉकलेटी होतं, रीडिंग जुळत नाही, तेव्हा कुठे बघायचं

डिसेंबर उजाडला की आमच्या लॅबमध्ये सकाळच्या बॅचला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅडम, चॉकलेटी झालं!" ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणाला दुसरं नेमकं किती लागतं ते मोजणं) चालू असतं. फिकट गुलाबी यायला हवं तिथे कोनिकलमध्ये (शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये) चहासारखं गढूळ पाणी. शेजारच्या टेबलावर चॉकलेटी नाही, पण रीडिंग (किती मिली परमँगनेट लागलं तो आकडा) १०.३, १०.२, १०.१ असं घसरत चाललेलं. आणि खिडकीजवळच्या टेबलावर तिन्ही रीडिंग नेमकी ९.६. मुलं खूश, कारण सीबीआर (पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग) जुळला; उत्तर मात्र चुकलेलं.

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं बारावीची प्रॅक्टिकल्स घेते आहे. या तीन तक्रारी दरवर्षी येतात आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. मुलं मात्र तिन्हींवर एकच उपाय करतात: पुन्हा एकदा घ्यायचं, किंवा जर्नलमध्ये शेजाऱ्याचा आकडा लिहायचा. दुसऱ्या उपायाचं मला फार वाईट वाटतं, कारण न जुळणारा आकडा काहीतरी सांगत असतो आणि तो खोडला की ते सांगणंही जातं. म्हणून कोणत्या खुणेवरून कुठे बघायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे. एफवायच्या मुलांनाही हे उपयोगी पडेल.

आधी, काय यायला हवं ते डोक्यात पक्कं असू द्या. आमच्याकडे परमँगनेट ०.०२ मोलर असतं, म्हणजे लिटरला ३.१६ ग्रॅम. ऑक्झॅलिक ॲसिड ०.०५ मोलर, लिटरला ६.३ ग्रॅम (दोन पाण्याचे रेणू असलेले स्फटिक धरून). पिपेटने (ठरलेलं माप उचलणाऱ्या नळीने) १० मिली ऑक्झॅलिक घेतलं की ब्युरेटमधून (खाली कॉक असलेल्या उभ्या मापन-नळीतून) १० मिलीच परमँगनेट जायला हवं. ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट, लोहाचा क्षार) ०.१ मोलर घेतलं, लिटरला ३९.२ ग्रॅम, तरी उत्तर १० मिलीच. द्रावणं तयार करणाऱ्याने हे आकडे मुद्दाम असे ठेवलेले असतात. परीक्षेत अर्थातच परमँगनेटची तीव्रता सांगत नाहीत, ती काढायची असते. पण सरावाला १० हा आकडा समोर असला की चूक किती आणि कोणत्या दिशेला झाली ते लगेच कळतं.

चॉकलेटी रंग

परमँगनेटमधलं मँगनीज +७ या ऑक्सिडेशन अवस्थेत असतं. सगळं सुरळीत झालं तर ते पाच इलेक्ट्रॉन घेऊन +२ वर येतं आणि तिथे त्याला जवळजवळ रंगच नसतो. वाटेत +४ वर अडकलं तर तयार होतो मँगनीज डायऑक्साइड, पाण्यात न विरघळणारा, चॉकलेटी. म्हणजे चॉकलेटी रंग दिसला की समजायचं, अभिक्रिया अर्ध्या वाटेवर थांबली आहे. ती का थांबली, एवढाच प्रश्न उरतो.

पुस्तकात पहिलं कारण दिलेलं असतं ॲसिड कमी पडल्याचं. ते खरं आहे, पण हिशोब करून बघा. १० मिली परमँगनेटला समीकरणाप्रमाणे ०.३ मिलिमोल सल्फ्युरिक ॲसिड पुरतं. आपण अर्धी टेस्ट ट्यूब, साधारण १० मिली, १ मोलर ॲसिड ओततो, म्हणजे १० मिलिमोल. लागतं त्याच्या तीसपटीहून जास्त. आम्लता भरपूर असावी म्हणूनच ते इतकं घालतात. तेव्हा ॲसिड दोन-तीन मिली कमी पडलं म्हणून चॉकलेटी झालं असं सहसा होत नाही. ॲसिड घालायचंच राहिलं, किंवा टेस्ट ट्यूबऐवजी ड्रॉपरने चार थेंब टाकले, तर होतं. बाटलीत ॲसिडच फार पातळ करून ठेवलेलं असेल तरीही होतं, पण मग सगळ्या बॅचचं होतं, एकट्याचं नाही. ही खूण लक्षात ठेवा: एका टेबलाची तक्रार असेल तर हातात दोष शोधा, सगळ्या टेबलांची असेल तर बाटलीत.

आमच्याकडे कोडं वेगळंच होतं. बाटल्या त्याच, द्रावण तेच, शिकवणारी मीच. साडेसातच्या बॅचला सहा-सात कोनिकल चॉकलेटी, आणि दुपारी बाराच्या बॅचला एकही नाही. दोन वर्षं मी समजत होते की सकाळची मुलं झोपेत असतात, घाई करतात. मग एका सकाळी थर्मामीटर घेऊन एका मुलीच्या मागे उभी राहिले. तिने बर्नरवर कोनिकल तापवलं, ६८ अंश. अगदी बरोबर; ६० ते ७० सांगितलेलं असतं. मग कोनिकल कापडात धरून ती टेबलावर आली आणि कडप्प्याच्या गार ओट्यावर ते ठेवलं. ब्युरेट अजून भरायची होती. ती भरली, शून्यावर आणली, नोझलमधला बुडबुडा काढला, जर्नलमध्ये सुरुवातीचं रीडिंग लिहिलं. पहिला थेंब पडेपर्यंत पाच मिनिटं गेली होती. मी थर्मामीटर पुन्हा बुडवला: ४६.

जानेवारीतल्या पुण्याची सकाळ किती गार असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खोलीत १२-१३ अंश, खाली दगडी ओटा, आणि कोनिकलमध्ये जेमतेम २० मिली पाणी. ते गार व्हायला कितीसा वेळ लागणार! दुपारी तीच खोली २७-२८ अंशांवर असते, ओटाही कोमट झालेला असतो, म्हणून तेवढाच उशीर खपून जातो.

आता उष्णता इतकी का लागते? परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडची अभिक्रिया सुरुवातीला फार हळू चालते. ती पुढे नेतो मँगनीजचा +२ आयन, आणि हा आयन त्याच अभिक्रियेतून तयार होतो. म्हणजे ती स्वतःच स्वतःचा उत्प्रेरक बनवते. रसायनशास्त्रज्ञ हार्कोर्ट आणि गणितज्ञ एसन या दोघांनी ऑक्सफर्डमध्ये १८६६ साली याच जोडीवर अभिक्रियेच्या वेगाचा अभ्यास केला होता, इतकी ती जुनी आणि प्रसिद्ध आहे. गार द्रावणात पहिला मिलिलिटर टाकला की तो गुलाबीच राहतो. मुलाला वाटतं, एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला की काय! किंवा वाटतं की कॉक नीट उघडला नाही, आणि तो आणखी तीन मिली सोडतो. न संपलेलं परमँगनेट साचत जातं, मधेच थोडं मँगनीज तयार होतं, आणि दोघं एकमेकांशी भिडून चॉकलेटी डायऑक्साइड देतात. थंडी आणि घाई एकत्र आली की हे व्हायचंच.

उपाय सोपा निघाला, फक्त क्रम बदलायचा होता. आधी ब्युरेट भरा, शून्य करा, सुरुवातीचं रीडिंग लिहा. मगच कोनिकल बर्नरवर चढवा. तापलं की थेट ब्युरेटखाली, आणि ओट्यावर ग्लेझ टाइलखाली एक जाड वर्तमानपत्राची घडी. टाइल पांढरी हवीच, गुलाबी छटा त्यावरच दिसते. पहिला एक मिली सोडा आणि थांबा. कोनिकल गोल फिरवत राहा. रंग जायला वीस-तीस सेकंद लागतील, लागू द्या. तो गेला की पुढचं परमँगनेट पडता पडता विरतं, कारण उत्प्रेरक आता तयार असतो. आठ-नऊ मिलीनंतर थेंब थेंब. मधेच रंग जायला वेळ लागू लागला तर ती थंडीची खूण आहे. कोनिकल पुन्हा तापवून आणा, त्याने रीडिंग बिघडत नाही. आमच्या लॅबमध्ये वीस मुलांना चार बर्नर आहेत, त्यामुळे रांग लागते. म्हणून मी बॅचचे दोन भाग करते: निम्मी मुलं तापवतात तेव्हा निम्मी ब्युरेटवर असतात. त्या हिवाळ्यानंतर सकाळच्या बॅचचं चॉकलेटी प्रकरण जवळजवळ थांबलं.

उलट टोकालाही जाऊ नका. काहीजण भीतीपोटी द्रावण उकळतात. तापलेल्या आम्लात ऑक्झॅलिक ॲसिड हळूहळू स्वतःच फुटू लागतं, मग रीडिंग ९.७-९.८ असं कमी येतं. कोनिकलच्या गळ्याशी पहिली वाफ दिसली की पुरे. बुडाला हात लावून अंदाज घ्यायची सवय अनेकांना असते. ६५ अंशांची काच दोन सेकंदांपेक्षा जास्त धरवत नाही, पण भाजून घेण्यापेक्षा प्रत्येक टेबलावर एक थर्मामीटर ठेवलेला बरा.

आणि चॉकलेटी झालंच तर? ते ओतून देण्याआधी थोडं थांबा, कारण इथे एक सुंदर गोष्ट आहे. मँगनीज +७ वरून +४ वर आलं तेव्हा त्याने तीन इलेक्ट्रॉन घेतले. उरलेले दोन घेऊन ते +२ वर जाऊ शकतं, आणि ते दोन द्यायला कोनिकलमध्ये अजून ऑक्झॅलिक ॲसिड शिल्लक आहे. तीन अधिक दोन पाचच. ॲसिड आहे ना याची खात्री करा, नसेल तर आता घाला, आणि ६५-७० पर्यंत तापवून फिरवत राहा. गढूळपणा विरतो, पाणी पुन्हा नितळ होतं. तिथून थेंब थेंब पुढे गेलात तर रीडिंग १० च्या आसपासच मिळतं. मी ते पायलट (फक्त अंदाजाचं) रीडिंग म्हणून धरायला लावते, सीबीआरमध्ये घेऊ देत नाही, पण दुरुस्त होताना मुलांनी एकदा बघावंच. एंड पॉइंट ओलांडल्यावर आलेला चॉकलेटी रंग मात्र असा जात नाही, कारण त्याला परत आणायला ऑक्झॅलिक उरलेलंच नसतं.

त्याच कारणाने एंड पॉइंटची गुलाबी छटाही कायम टिकत नाही. जास्तीचं परमँगनेट आणि तयार झालेलं मँगनीज मिळून ती हळूहळू पुसतात. अर्धं मिनिट टिकली की रीडिंग घ्या. "मॅडम, दोन मिनिटांनी गेला रंग, अजून थेंब टाकू?" नाही, टाकू नका.

रीडिंग घसरतं, चढतं, उड्या मारतं

इथे आकड्यांचा क्रमच कारण सांगतो, म्हणून तिन्ही रीडिंग ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहा.

१०.३, १०.२, १०.१ असं उतरत जात असेल तर ब्युरेट फक्त पाण्याने धुतली आहे, परमँगनेटने रिन्स केलेली (आतून खंगाळलेली) नाही. ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये दीड मिली पाणी चिकटून राहिलं तर द्रावण तीन टक्के पातळ होतं, म्हणजे १० ऐवजी १०.३. पुढच्या वेळी वरून ताजं परमँगनेट भरलं की पातळपणा कमी होतो आणि रीडिंग उतरतं. पाच-पाच मिली परमँगनेटने दोनदा रिन्स करा, नोझलमधूनही जाऊ द्या, हा प्रकार संपला.

पहिलं ९.८ आणि मग १०, १० असं चढून स्थिर होत असेल तर तीच चूक पिपेटमध्ये झाली आहे. पाण्याने ओल्या पिपेटमध्ये पहिलं ऑक्झॅलिक पातळ झालं, नंतर ऑक्झॅलिकनेच पिपेट रिन्स होत गेली.

कोनिकलचं नेमकं उलटं असतं. ते फक्त पाण्यानेच धुवायचं. आत पाणी राहिलं तरी चालतं, कारण ऑक्झॅलिकचे मोल पिपेटने ठरलेले आहेत. दरवर्षी दोन-तीन मनापासून काम करणारी मुलं "सगळंच रिन्स करायचं" म्हणून कोनिकलही ऑक्झॅलिकने रिन्स करतात आणि रीडिंग १०.३, १०.५, १०.२ असं वर राहतं. ब्युरेट आणि पिपेट द्रावण मोजतात, कोनिकल फक्त धरून ठेवतं. एवढं समजलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

आकडे काही क्रमाविना उड्या मारत असतील तर नोझलमधला बुडबुडा (तो मधेच सुटतो आणि आपल्या आकारमानाएवढं रीडिंग वाढवतो), ब्युरेटवर विसरलेलं फनेल (त्यातून थेंब पडून पातळी वर येते आणि रीडिंग कमी भरतं), किंवा डोळ्याची पातळी, यांतलं एक असतं. परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ) दिसतच नाही. म्हणून वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही. एकदा वरची आणि एकदा खालची वाचली की गेलं गणित. ब्युरेटचा सगळ्यात लहान भाग ०.१ मिली आहे आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, तेव्हा ०.१ चा फरक हातून होणारच, त्याची चिंता नको. ०.२ च्या वर गेलं की शोध घ्या.

अजून एक कारण मुलांच्या हातात नसतं. परमँगनेट सकाळी घाईत तयार केलं आणि स्फटिक पूर्ण विरघळले नाहीत, तर द्रावणाच्या जांभळ्या रंगात ते तळाशी दिसतच नाहीत. पहिल्या टेबलाला वरचं पातळ द्रावण मिळतं, शेवटच्या टेबलाला तळाचं घट्ट. पहिल्यांचं १०.६ आणि शेवटच्यांचं ९.५ आलं तर मुलांना बोलू नका. परमँगनेट आदल्या दिवशी करावं, तापवून रात्रभर ठेवावं, काचलोकरीतून गाळावं आणि तपकिरी बाटलीत भरावं. फिल्टर पेपर नको, परमँगनेट कागदालाच खातं.

तिन्ही जुळली, पण चुकीची

हा प्रकार मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण इथे शंकाच येत नाही.

एका शुक्रवारी अख्ख्या बॅचचं रीडिंग ९.६ आलं. वीसपैकी सतरा-अठरा मुलांचं, अगदी सुबक. मी परमँगनेटवर संशय घेतला. मामांनी (आमचे लॅब अटेंडंट, सगळी मुलं त्यांना मामाच म्हणतात) तपासून ठेवलेली दुसरी बाटली आणून दिली, तरी ९.६. मग पिपेट बदलली. ९.६. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची मोठी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी पिठासारखा बारीक पांढरा थर होता. बाटली हलवली तर धुरासारखा वर आला.

"मामा, हे कशात केलं?"

"मॅडम, काल गुरुवार ना. पाणी बंद होतं, डिस्टिलेशनचं युनिट चाललंच नाही. बोअरचं घेतलं. स्वच्छ होतं की."

स्वच्छ होतंच. शहरात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तो बहुतेक गुरुवारच असतो, आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. डिस्टिलेशन युनिटला सतत वाहतं थंड पाणी लागतं. ते नसेल तर डिस्टिल्ड वॉटर येणार कुठून? मामांची यात काही चूक नव्हती. बोअरचं पाणी का चालत नाही हे मीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आपल्याकडे बेसॉल्टच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. समजा त्यात लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणजे २ मिलिमोल. लिटरभर द्रावणात ऑक्झॅलिक आहे ५० मिलिमोल. त्यातले जवळजवळ दोन मिलिमोल कॅल्शियमबरोबर तळाला जाऊन बसले, वर राहिले ४८. चार टक्के कमी. १० चं ९.६ झालं. हा हिशोब मी त्याच वेळी फळ्यावर करून दाखवला, आणि नुसतं रीडिंग घेण्यापेक्षा मुलं त्या दिवशी जास्त रसायनशास्त्र शिकली असं मला वाटतं.

तपासायची युक्ती लॅबमध्येच असते. सॉल्ट ॲनालिसिसच्या रॅकवर अमोनियम ऑक्झॅलेटची बाटली आहे. वॉश बॉटलमधलं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, त्यात अमोनियम ऑक्झॅलेटचे चार-पाच थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. पांढरं गढूळ झालं तर ते डिस्टिल्ड नाही. आता आम्ही बुधवारी संध्याकाळीच दोन कॅन डिस्टिल्ड भरून ठेवतो आणि त्यावर तारीख लिहितो.

याच्या जोडीला कोरं टायट्रेशनही करा, त्याला तीन मिनिटं पुरतात. ऑक्झॅलिकऐवजी १० मिली पाणी घ्या, नेहमीचं ॲसिड घाला, तापवा, परमँगनेटचा एक थेंब टाका. गुलाबी व्हायला हवं. तीन-चार थेंब पडूनही रंग जात असेल तर पाण्यात किंवा ॲसिडमध्ये परमँगनेट खाणारं काहीतरी आहे आणि सगळ्यांचं रीडिंग तेवढं जास्त येणार.

ॲसिड कोणतं, हेही बघा. पातळ हायड्रोक्लोरिक आणि पातळ सल्फ्युरिकच्या बाटल्या शेजारी असतात, दोन्ही पाण्यासारख्या दिसतात. हायड्रोक्लोरिक गेलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन करण्यात खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. मोहर सॉल्टच्या वेळी लोहामुळे हा प्रकार जास्तच होतो. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, ते परमँगनेटचं काम थोडं आधीच करून टाकतं, रीडिंग घटतं.

मोहर सॉल्ट

याबद्दल थोडक्यात. हे तापवायचं नाही. आदल्या आठवड्यात ऑक्झॅलिक केलेलं असतं, हात आपोआप बर्नरकडे जातो. फेरसचं (+२ लोहाचं) फेरिक (+३) व्हायला हवा आणि उष्णता पुरते, आणि जेवढं फेरिक झालं तेवढं रीडिंग कमी. खोलीच्या तापमानालाच अभिक्रिया झटपट होते, पहिल्या थेंबाची वाट बघावी लागत नाही. द्रावण करताना आधी पातळ सल्फ्युरिक घाला आणि त्यात स्फटिक विरघळवा. नुसत्या पाण्यात ते पिवळट, गंजासारखं होतं. १०, ९.९, ९.७ असं रीडिंग तासाभरात उतरत गेलं तर फ्लास्क उघडा ठेवला आहे का ते बघा.

ज्या कार्ल फ्रीडरिश मोहर यांच्या नावाने हा क्षार ओळखला जातो, त्यांच्याच नावाने रबर ट्यूब आणि चिमटा लावलेली ब्युरेटही ओळखली जाते. आणि नेमकी तीच ब्युरेट परमँगनेटला चालत नाही! परमँगनेट रबराला खातं, स्वतः क्षीण होतं आणि नोझलमध्ये चॉकलेटी कडं साचतं. ब्युरेट भरून पंधरा मिनिटं ठेवली तर रबराजवळचे पहिले थेंब कमजोर पडतात. काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या कॉकची ब्युरेटच घ्या. लॅबमध्ये मोजक्याच असतील तर त्या परमँगनेटसाठी राखून ठेवा. रबराचीच वापरावी लागली तर प्रत्येक रीडिंगआधी दोन-तीन मिली सोडून द्या आणि पुन्हा शून्य करा.

तीन गोष्टी, ज्यांत मी तडजोड करत नाही

तोंडाने पिपेट ओढायची नाही. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. आमच्या पिढीने सगळं तोंडानेच ओढलं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. रबरी फुगा वापरा, सवय व्हायला दोन प्रॅक्टिकल्स लागतात.

सल्फ्युरिक पातळ करताना ॲसिड पाण्यात, हळूहळू, ढवळत. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

परमँगनेटचे कोरडे स्फटिक आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड एकमेकांच्या जवळसुद्धा नकोत. त्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं आणि त्याचा स्फोट होतो. "ॲसिड कमी पडलं असेल" म्हणून एका मुलाने तीव्र ॲसिडच्या बाटलीकडे हात नेला होता. मी शेजारीच होते म्हणून थांबवता आलं. तेव्हापासून प्रॅक्टिकलच्या वेळी ती बाटली मुलांच्या रॅकवर नसते, आतल्या कपाटात असते.

भांडी

बॅच संपल्यावर कोनिकलच्या तळाशी आणि ब्युरेटच्या नोझलमध्ये फिकट चॉकलेटी डाग राहतात. साबणाने, ब्रशने ते जात नाहीत, आणि तसेच ठेवले तर पुढच्या बॅचला त्रास देतात: तो मँगनीज डायऑक्साइड कोनिकलमधलं थोडं ऑक्झॅलिक खातो आणि ब्युरेटमधल्या परमँगनेटचं विघटनही वाढवतो. उपाय याच प्रयोगात आहे. मुलांच्या बीकरमध्ये उरलेलं ऑक्झॅलिक ओतून देऊ नका. एका मोठ्या बीकरमध्ये जमा करा, त्यात थोडं पातळ सल्फ्युरिक घाला, कोमट करा आणि डाग पडलेल्या भांड्यांत दोन मिनिटं फिरवा. डाग डोळ्यांसमोर विरतात, बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. मग नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड. आमच्याकडे हे काम दर बॅचची शेवटची दोन मुलं मामांबरोबर करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कोनिकल स्वच्छ मिळतात.